गाण्याचा हजेरीपट

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘एका रॅप गाण्याच्या प्रकाशनाचा इतिहास’ असे मी सांगितले. गृहस्थ भले, ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “भाऊ, आम्हांला वाटले होते तुम्ही कामगार चळवळीवर बोलाल.” मी म्हटले, “त्यावरच बोलणार आहे.” त्यांचा विश्वास बसला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. आपल्यापैकीही पुष्कळांचा बसला नसेल. म्हणून आधी एक घरची गोष्ट सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

माझे वडील बांबूतोडीच्या कामाला जात. गडचिरोली १९८२ च्या ऑगस्टात वेगळा जिल्हा झाला. त्याच्या दोन वर्षे आधीची ही हकीगत. कूपात काम करताना कुऱ्हाड निसटली आणि वडिलांच्या पायाला खोल जखम झाली. महिना घरी बसून काढला. औषधपाण्याचे काही मिळते का हे विचारायला ते मला बरोबर घेऊन मुकादमाकडे गेले. मुकादमाने हजेरीपट उघडून पुढे सरकवला आणि म्हणाला, “तुझे नाव दाखव.” वडिलांना अक्षर येत नव्हते. मी चौथीत होतो. मी वरपासून खालपर्यंत वाचले, पुन्हा वाचले. वडिलांचे नाव नव्हते. त्यांच्या अठरा दिवसांच्या हजेऱ्या भलत्याच माणसाच्या नावापुढे भरलेल्या होत्या; तो मुकादमाचा मेव्हणा होता आणि त्याने कूप डोळ्यांनी पाहिला नव्हता. माझ्या वाचनविद्येचा घराला झालेला पहिला उपयोग तो असा. ठेकेदार कोण, मुकादम कोण, हे आता सांगून काही साधत नाही. शाळा पुढे सातवीत सुटली; पण तेव्हापासून कोणताही कागद हाती आला की मी आधी त्यातली नावे वाचतो, मजकूर मागाहून.

आता गाण्याकडे येऊ. २०१९ सालच्या उन्हाळ्यात कंत्राटी कामगारांची एक गेटसभा होती. सभेआधी गाणे म्हणायची आमची जुनी रीत आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हापासून डफाशिवाय कामगारांची सभा उभी राहत नाही. त्या दिवशी डफवाला आला नाही. एका पोराने खिशातून मोबाईल काढला आणि भोंग्याला जोडून एक गाणे लावले: ‘मेरे गली में’. म्हातारे कामगार कावरेबावरे झाले, तरुण मात्र माना डोलावू लागले. मी विचारले, “हे कोणाचे?” पोरगा म्हणाला, “रणवीर सिंगचे.” शेजारचा उसळला, “त्याचे कसे? डिव्हाइनचे आहे.” तिसरा म्हणाला, “नेझीला विसरला का?” सभा बाजूला राहिली आणि वाद जुंपला. मी घरी गेलो तो हाच प्रश्न डोक्यात घेऊन. हजेरीपटावर नाव कोणाचे, हाच तर तो प्रश्न!

याचा उलगडा मुंबईत होत नाही; त्यासाठी थोडे मागे आणि बरेच लांब जावे लागते. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी चार पैसे जमवावेत म्हणून नाचगाण्याची मेजवानी ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. तो जन्माने जमैकाचा; लोक त्याला कूल हर्क म्हणत. गाण्यात गायन थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर लोक जास्त नाचतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा, असे करीत तो तुकडा लांबवला. त्या तालावर माणसे बोलू लागली, यमके जुळवू लागली, एकमेकांना टोमणे मारू लागली. आपल्या तमाशातला सवाल-जवाब ज्याने ऐकला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. ब्राँक्स तेव्हा उजाड होत चालले होते. मोठा रस्ता वस्तीच्या पोटातून नेलेला, घरे जळालेली, कारखाने निघून गेलेले. खाण वाढली की गाव कसे उठते हे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको.

पुढची सहा वर्षे हे गाणे अंगणात, बागेत आणि शाळांच्या सभागृहांत वाजत राहिले. त्याची तबकडी निघाली नाही. निघाली ती १९७९ च्या सप्टेंबरात, आणि काढली ती भलत्यांनीच. न्यू जर्सीतल्या सिल्व्हिया रॉबिन्सन या बाई पूर्वी स्वतः गायिका होत्या. त्यांनी नवऱ्याबरोबर शुगर हिल नावाची कंपनी काढली होती. त्यांनी तीन पोरे जमवली, त्यांना ‘शुगरहिल गँग’ असे नाव दिले आणि ‘रॅपर्स डिलाइट’ ही बारा इंची तबकडी बाजारात आणली. सगळे गाणे चौदा मिनिटांच्या वर! रेडिओसाठी पुढे आखूड आवृत्तीही झाली. ब्राँक्सच्या अंगणात ज्यांनी ही कला वाढवली, त्यांतला एकही या तबकडीवर नव्हता.

तिघांपैकी एक, बिग बँक हँक, पिझ्झाच्या दुकानात कामाला होता आणि ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरचे व्यवस्थापन पाहत असे. कॅझने आपली कवने ज्या वहीत लिहिली होती त्या वहीतली कवने हँकने उचलली. ती इतकी जशीच्या तशी उचलली, की गाण्यात तो स्वतःची ओळख करून देताना कॅझच्या टोपणनावाची अक्षरे एकेक करून म्हणतो! माझ्या वडिलांच्या हजेऱ्या मेव्हण्याच्या नावावर चढल्या होत्या. इथे मेव्हण्याने माझ्या वडिलांचे नाव घेऊन हजेरी लावली आणि मजुरी मात्र आपल्या खिशात टाकली. कॅझला त्या तबकडीवर श्रेय मिळाले नाही.

उलट प्रकारही त्याच तबकडीत आहे. गाण्याखालचा वाद्यमेळ ‘शिक’ या प्रसिद्ध मंडळीच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्याचा होता. तो स्टुडिओतल्या वादकांनी पुन्हा वाजवला होता, पण चाल तीच. त्याचे कर्ते नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि गीतकार म्हणून आपली नावे चढवून घेतली. दोघांचाही माल गेला होता. ज्यांच्याजवळ वकील होता त्यांचे नाव लागले. ज्याच्याजवळ वही होती त्याचे लागले नाही.

या तबकडीमुळे रॅप जगभर गेले, हे मात्र नाकारता येत नाही. ठेकेदाराने रस्ता काढला की त्याच रस्त्याने गावाला एसटीही येते. म्हणून ठेकेदाराला हार घालायचा की नाही हा प्रश्न मी गेली तीस वर्षे सोडवतो आहे.

आपल्या देशात ही चाल प्रथम लोकप्रिय झाली ती १९९२ साली, बाबा सेहगल यांच्या ‘ठंडा ठंडा पानी’ या कॅसेटने. ती गंमत होती आणि गंमत म्हणून चांगली होती. गल्लीतल्या पोराने स्वतःच्या बोलीत स्वतःचे काही सांगावे, याला आणखी वीस वर्षे जावी लागली.

अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरातला विव्हियन फर्नांडिस शाळेत होता तेव्हा त्याने एका मित्राच्या अंगात ‘फिफ्टी सेंट’ या अमेरिकन रॅपरचे चित्र असलेला सदरा पाहिला, त्याच्याकडून गाणी मिळवली आणि तो या नादाला लागला. त्याने नाव घेतले ‘डिव्हाइन’. आधी इंग्रजीत लिहीत असे, मग मुंबईच्या हिंदीत लिहू लागला. दुसरा कुर्ला पश्चिमेचा नावेद शेख, म्हणजे ‘नेझी’. जानेवारी २०१४ मध्ये त्याने ‘आफत’ हे गाणे इंटरनेटवर चढवले. ना स्टुडिओ, ना कॅमेरा; ध्वनिमुद्रण आयपॅडवर आणि चित्रीकरणही त्याच आयपॅडवर, आपल्याच वस्तीत. लाल बावट्याच्या शाहिरांनी जे डफ आणि तुणतुण्यावर भागवले ते या पोराने एका पाटीएवढ्या यंत्रावर भागवले.

मग हे दोघे एकत्र आले आणि एप्रिल २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ निघाले. संगीत दिल्लीच्या सजील कपूरचे, म्हणजे ‘सेझ ऑन द बीट’चे. प्रकाशक सोनी म्युझिक, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक. निघाले म्हणजे काय झाले, हेही सांगायला हवे. तबकडी नाही, कॅसेट नाही, दुकानात मांडायची कोणतीच वस्तू नाही; इंटरनेटवर एक चित्रफीत आणि एक ध्वनिफीत चढली. पूर्वीच्या एकेरी तबकडीला निदान दुसरी बाजू असे आणि तिच्यावरच्या गोल कागदावर नावे छापलेली असत. आता तो कागद गेला; राहिली ती पडद्यावरची एक ओळ. म्हणून ती ओळ नीट वाचली पाहिजे.

त्या ओळीत डिव्हाइनचे नाव आधी आहे आणि मग ‘फीचरिंग’ नेझी. फीचरिंगला मी मराठीत ‘सोबत’ म्हणतो. पगारपत्रकात जसे फिटर आणि मदतनीस असतात तसा हा शब्द आहे. दोघांचाही घाम तोच, रकाना वेगळा. इथे मात्र तक्रार करण्याजोगे काही दिसत नाही. ज्याचे गाणे त्याचे नाव पुढे, जो सोबत आला त्याचे मागे, आणि दोन्ही नावे खरी. ब्राँक्सच्या वहीला छत्तीस वर्षांनी कुर्ल्यात एवढा न्याय मिळाला असे म्हणता येईल.

नावाबद्दल आणखी एक. ‘गली’ हा शब्द हिंदीत स्त्रीलिंगी. तेव्हा ‘मेरी गली में’ असे हवे होते. हिंदीच्या पंतोजींनी तांबड्या शाईने खूण केली असती. पण मराठीत आपण ‘माझ्या घरात’ म्हणतो आणि ‘माझ्या गल्लीत’ही म्हणतो, तिथे लिंगभेद उरत नाही. मला वाटते, मुंबईच्या हिंदीने हे मराठीकडूनच घेतले असावे. चंद्रपूरच्या कोळसाखाणीत तेलुगू, छत्तीसगढी आणि बिहारी माणसांशी आपण जी हिंदी बोलतो तीही याच वळणाची आहे. त्या गेटसभेतल्या पोरांना हे गाणे मुंबईचे वाटलेच नाही, याचे एक कारण हेही असेल.

आता गाण्याचे दुसरे प्रकाशन. झोया अख्तर यांनी ‘आफत’ पाहिले, दोघा पोरांना भेटल्या आणि त्यांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन ‘गली बॉय’ हा चित्रपट काढला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी तो लागला. गाणी आधीच्या महिन्यात झी म्युझिकने बाहेर काढली. त्यांत ‘मेरे गली में’ होते, पण नव्याने गायलेले, आणि त्यात नायक रणवीर सिंगचा आवाज होता. गीत-संगीताच्या रकान्यात डिव्हाइन, नेझी आणि सेझ ही नावे कायम राहिली. चित्रपटातही दोघांचे ऋण नावानिशी मान्य केले आहे. अर्थात कागद स्वच्छ आहे. तरीही आमच्या गेटवरचा पोरगा म्हणाला, “रणवीर सिंगचे!” वडशाच्या छापखान्यातून झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रके निघतात ती आठवा. त्यांवर सगळ्यांची नावे असतात. पण वीतभर अक्षरात एकाचे आणि मुंगीएवढ्या अक्षरात लेखकाचे. नाव असणे आणि नाव वाचले जाणे या दोन गोष्टी आहेत.

इथे थोडा कायदा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गाणे आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण या कायद्याच्या दृष्टीने दोन मालमत्ता आहेत. म्हणूनच एकच गाणे २०१५ साली सोनीकडून आणि २०१९ साली झीकडून निघू शकते. सातबाऱ्यावर जमीन एकाच्या नावे आणि पीकपाहणीत कसणारा दुसरा, तसेच काहीसे. आपल्या देशात गीतकार-संगीतकार चित्रपटवाल्याला एकदा सही देऊन बसला की पुढची कमाई त्याची नसे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. राज्यसभेत तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत जावेद अख्तर अग्रभागी होते. म्हणजे झोयाबाईंचे वडील. दुरुस्तीने असे ठरवले की, चित्रपटगृहातल्या खेळाखेरीज इतरत्र गाणे वाजले तर त्याच्या मानधनातला बरोबरीचा वाटा गीतकाराचा आणि संगीतकाराचा. आणि हा हक्क वारसाला किंवा कर्त्यांच्या संस्थेला सोडून कोणालाही लिहून देता येणार नाही. लिहून दिला तरी तो जात नाही! हे वाचले तेव्हा मला १९४८ च्या किमान वेतन कायद्यातले पंचविसावे कलम आठवले. ‘कमी मजुरी मला मान्य आहे’ असा कागद मजुराने लिहून दिला तरी तो रद्द समजावा, असे ते सांगत असे. गरजवंताची सही ही सही नव्हे, हे कायद्याला एकदा मजुराच्या बाबतीत पटले होते. गाणे रचणाऱ्याच्या बाबतीत पटायला चौसष्ट वर्षे लागली.

२०२० साली ‘अपना टाइम आयेगा’साठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना फिल्मफेअरने उत्कृष्ट गीतकार ठरवले. मला त्या बाहुलीचे कौतुक नाही. पण जे. बी. नगरच्या पोराला ‘गीतकार’ या रकान्यात बसवले, याचे आहे.

ज्या २०१९ साली चित्रपट गाजला, त्याच साली मुंबईतून आणखी एक रॅप गाणे निघाले. ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या अधिक जवळचे आहे. त्याचे नाव ‘द वारली रिव्होल्ट’, म्हणजे वारल्यांचा उठाव. काढणारी मंडळी ‘स्वदेसी’. या मंडळीत कोणी गुजरातीत म्हणणारा, कोणी मराठीत, आणि एक तर आपल्या अमरावतीचा वऱ्हाडी बोलणारा. तो आपले नाव शंभराचा आकडा आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरे असे लिहितो. शंभर म्हणजे हिंदीतले ‘सौ’, पुढे ‘रभ’. सौरभ! मला हे कोडे सुटायला दोन दिवस लागले. यांतला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला.

गाण्याच्या नावातला उठाव कोणता, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडीपणा झुगारला. त्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात होते. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे पडली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आले. माझी जी काही पाच-सहा पाठ्यपुस्तके आहेत त्यांतले ते एक. पण २०१९ चे गाणे १९४५ बद्दल नव्हते. ते मुंबईतल्या आरेच्या जंगलाबद्दल आणि तिथल्या पाड्यांबद्दल होते. त्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रातोरात मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

मी त्या गाण्याची ओळ वाचली. ‘सोबत’ म्हणून नाव होते प्रकाश भोईर यांचे. आरेतल्या पाड्यावर राहणारे, तिथल्या आदिवासींसाठी लढणारे आणि गाणारे गृहस्थ. हे फार मोठे झाले असे मी म्हणत नाही. पण जंगलातल्या माणसाचा आवाज शहरातल्या गाण्यात घ्यायचा आणि खाली ‘लोकगीत’ किंवा ‘पारंपरिक’ एवढेच छापायचे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. ‘पारंपरिक’ हा शब्द पुष्कळदा कोऱ्या हजेरीपटासारखा असतो. त्यात मागाहून कोणाचेही नाव भरता येते. इथे माणूस नावानिशी हजर होता.

इतके सगळे जुळवून मी समाधानाने बसलो होतो. हजेरीपटाचा नियम गाण्यालाही लागू पडतो, असे मला वाटत होते. गेल्या तेंदूच्या हंगामात तो नियम अडला.

धानोरा तालुक्यातल्या एका गावी तेंदूच्या फळीवर गेलो होतो. गाव ग्रामसभेचे, तेंदू ग्रामसभाच विकते. याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक खुद्द ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हापासून हा भाग बदलला आहे. संध्याकाळी सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजून वाळत घातले जात होते आणि कोणाच्या तरी मोबाईलवर ढोल-ताशांच्या कडकडाटात एक गोंडी रेला गाणे वाजत होते. आवाज बाईचा होता. चौकशी केली तेव्हा कळले की, ती बाई तिथेच पुडे मोजत बसली आहे. तिच्या भाच्याने लग्नात तिचे गाणे टिपले, गडचिरोलीत एका मित्राकडून त्याला ताल चढवून घेतला आणि इंटरनेटवर टाकले. ‘कलाकार’ या रकान्यात त्याने स्वतःचे नाव घातले होते, पुढे ‘डीजे’ लावून.

मी त्याला जवळ बोलावले आणि माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. पोरगा समजूतदार, ओशाळला. म्हणाला, “काका, आत्याचे नाव टाकतो. गाणारी म्हणून आणि गीतकार म्हणूनही.” आत्या ऐकत होती. ती म्हणाली, “गाणारी लिही. पण गाणे मी केले नाही. माझ्या आईनेही केले नाही. ते गावाचे आहे. माझे म्हणून लिहिलेस तर उद्या बाया माझ्याबरोबर गाणार नाहीत.”

मला उत्तर सुचेना. माझ्या हजेरीपटात असा रकाना नव्हता. ‘पारंपरिक’ लिही असे मी त्याला सांगू शकत नव्हतो, आणि एका माणसाचे नाव लिही असेही नाही. तेवढ्यात फळीवर हिशेब लिहिणारा ग्रामसभेचा तरुण मान वर न करता म्हणाला, “तेंदूच्या चलनावर काय लिहितो आपण? तेच लिही ना.”

पोराने मोबाईल उघडला. गाणारीच्या जागी आत्याचे नाव, तालाच्या जागी स्वतःचे आणि मित्राचे. गीतकाराच्या रकान्यात त्याने आपल्या गावाचे नाव आणि पुढे ‘ग्रामसभा’ असे लिहिले आणि ते यंत्र घेते की परत करते हे पाहत आम्ही तिघे त्या उजेडाभोवती वाकून उभे राहिलो. यंत्राने घेतले.